लॉकर, टायरची हवा आणि टो बॉल: ऑफ-रोडवाल्यांचे वाद कुठे अडतात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही वापरलेली फोर बाय फोर घेतली, ऑफ-रोडवाल्यांच्या गटात आलात आणि पाहिलंत तर प्रत्येक गोष्टीवर दोन तट. एक म्हणतो, लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र बांधणारी यंत्रणा) नसेल तर गाडी रस्त्यावरून खाली उतरवूच नका. दुसरा म्हणतो, निसटणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारं ट्रॅक्शन कंट्रोल भरपूर झालं. कोणी वाळूत टायरची हवा १५ पीएसआय (दाबाचं माप) सांगतो, कोणी २५ च्या खाली गेलात तर टायर फाटेल म्हणून भीती घालतो. टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, रुतलेली गाडी ओढायचा पट्टा अडकवण्यावरून तर दोन जुन्या माणसांचं बोलणंच बंद झालंय. तुम्हाला विचारायचंय की ऐकायचं कोणाचं, आणि पैसे आधी कशावर घालायचे.

गेली वीसेक वर्षं मी हेच करतोय. लोकांना चालवायला शिकवतो, रुतलेल्या गाड्या काढतो, तुटलेले हाफ शाफ्ट (चाकाला फिरवणारे दांडे) बदलतो. या वादांमध्ये बहुतेक वेळा दोन्ही बाजू खरं बोलत असतात, फक्त ज्या जमिनीवर आपण शिकलो ती जमीन सांगायची विसरतात. वाळूत वाढलेला माणूस वाळूचं खरं सांगतो, दगडांत वाढलेला दगडांचं. म्हणून कोणी ठासून काही सांगितलं की मी आधी विचारतो, हे कुठल्या जमिनीवर, किती वजनाच्या गाडीत, किती वेगाला? बरेचसे वाद एवढ्यानेच निवतात. टो बॉलचा मात्र निवत नाही, कारण तो मुळात मतांचा विषयच नाही. त्याकडे येतो.

लॉकरपासून सुरुवात करू. डिफरेन्शियल म्हणजे इंजिनची ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी. साधं, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. एक चाक हवेत लटकलं की सगळी ताकद तिकडे निघून जाते असं सर्रास म्हटलं जातं, ते बरोबर नाही. त्या चाकाला फिरायला जेमतेम टॉर्क लागतो, आणि तेवढाच जेमतेम टॉर्क जमिनीवरच्या चाकाला मिळतो. आकड्यात धरा: निसटणारं चाक १०० न्यूटन-मीटरवर गरकन फिरायला लागलं, तर पकड असलेल्या चाकालाही १०० च मिळणार. गाडी हलत नाही ती यामुळे.

ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं? एबीएसच्या सेन्सरवरून त्याला कळतं की एक चाक भरमसाट वेगाने फिरतंय, मग ते फक्त त्या चाकाचा ब्रेक दाबतं. ब्रेकने ६०० न्यूटन-मीटरचा अडथळा उभा केला, तर त्या बाजूला आता ७०० लागतात, आणि डिफरेन्शियल सारखं वाटप करतं म्हणून पकड असलेल्या चाकालाही ७०० मिळतात. गाडी चढते. पण ते ६०० ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेले. लांब, तुटक्या चढावर हे सतत चाललं की ब्रेक तापतात. शिवाय आधी चाक निसटायला हवं, मगच यंत्रणा जागी होणार. लॉकर दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी बांधून टाकतो. निसटण्याची वाट बघावी लागत नाही आणि ज्या चाकाला पकड आहे ते लागेल तेवढा टॉर्क उचलतं. वेळ आली तर सगळाच्या सगळा एका हाफ शाफ्टवर येतो, आणि शाफ्ट तुटतात ते अशा वेळी, चाक दगडात अडकलेलं असताना कोणीतरी जोरात ॲक्सिलरेटर दिला की.

लॉकरवाले एक गोष्ट क्वचितच सांगतात. आडव्या उतारावर, म्हणजे गाडी एका अंगाला कलून चालली असेल आणि जमीन ओली असेल, तर मागचा लॉकर लावलेला अॅक्सल सबंधच खालच्या बाजूला घसरू लागतो. ओपन डिफरेन्शियलमध्ये एकच चाक फिरतं, दुसरं गप्प राहून गाडीला बाजूला सरकू देत नाही. लॉक केल्यावर दोन्ही फिरतात आणि बाजूची पकड दोन्हींची जाते. वळणावरही लॉक केलेली गाडी सरळ जायला बघते, पुढचा लॉकर असेल तर स्टिअरिंग दगडासारखं होतं. तेव्हा लॉकर हवा तेव्हा लावायचा आणि काम झालं की लगेच काढायचा.

हा वाद इतका पेटतो याचं खरं कारण यंत्रात नाही, पायात आहे, असं माझं ठाम मत झालंय. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना एकच गोष्ट घोकून दिलेली असते: चाक फिरायला लागलं की पाय काढ. ओपन डिफरेन्शियलच्या गाडीत ते अगदी योग्य होतं. पण ट्रॅक्शन कंट्रोलला काम करायला चाक क्षणभर फिरावं लागतं आणि पाय स्थिर लागतो. एक प्रसंग सांगतो. आमच्या सरावाच्या चढावर आडवे-तिरपे दोन खड्डे आहेत, त्यात गाडीचं एक पुढचं आणि तिरक्या विरुद्ध कोपऱ्यातलं मागचं चाक उचललं जातं. अनेक वर्षं गाडी चालवलेला एक माणूस नव्या गाडीत तिथे चार वेळा अडकला. चाक फिरलं की पाय वर, ब्रेकची घरघर सुरू व्हायच्या आतच थांबलेली. "हे इलेक्ट्रॉनिक्स बोगस आहे" म्हणून तो खाली उतरायला लागला. मी त्याला म्हटलं, एकदा टॅकोमीटर दोन हजारावर धरून मनात तीनपर्यंत मोजा, काहीही झालं तरी पाय हलवू नका. एक म्हणेपर्यंत चाकं फिरली, दोनला घरघर, तीनला गाडी वर. त्या माणसाचं ट्रॅक्शन कंट्रोलबद्दलचं मत अनुभवातूनच आलेलं होतं, फक्त अनुभव वेगळ्या यंत्राचा होता.

एक जोड यालाच. वाळूत स्थिरता नियंत्रण, म्हणजे घसरली की इंजिनची ताकद कापणारी यंत्रणा, बंद करा. वाळूत ऐन वेळी ताकद कापली की गाडी तिथेच बसते. बहुतेक गाड्यांत फोर-लो (चारही चाकांचा हळू, जोराचा गिअर) टाकलं की ती आपोआप बंद होते, फोर-हायमध्ये (चारही चाकांचा नेहमीच्या वेगाचा) बटण दाबावं लागतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

आता टायरची हवा. यात मी कोणा एकाची बाजू घेत नाही, पण हवा कमी करायचीच यावर मात्र ठाम आहे. गणित सोपं आहे. २००० किलोची गाडी, एका चाकावर ५०० किलो. ३५ पीएसआय म्हणजे साधारण २.४६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येतो. १५ पीएसआयला तोच ४७० च्या पुढे जातो. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, हीही थोडा भार उचलते, म्हणून प्रत्यक्ष आकडे जरा कमी असतात, पण फरक दुपटीचा राहतोच. आणि टेकणारा भाग वाढतो तो मुख्यतः लांबीने, रुंदीने फार थोडा. टायर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबट होतो, समोर वाळूचा ढीग कमी साचतो, इंजिनला कमी ओढावं लागतं. वाळूत रुंद टायर लागतात असं म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद इथेच आहे. योग्य हवेतला मध्यम रुंदीचा टायर ३५ पीएसआयच्या रुंद टायरला वाळूत सहज मागे टाकतो.

मग २५ च्या खाली जाऊ नका म्हणणारा चुकीचा का? नाही. तो धारदार दगडांतून आलाय. हवा काढली की साइडवॉल बाहेर फुगते, आणि टायरचा सगळ्यात नाजूक भाग तोच. धारदार कडेवर तो चिरला तर ठिगळ लागत नाही, टायर फेकावाच लागतो. दुसरीकडे कडक टायरच्या ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीत, तोच दगड घुसतो, कारण टायर त्याच्यावर पसरून बसत नाही. म्हणून गोल, मोठ्या दगडांत मी १८ ते २२ वर जातो, धारदार खडीच्या लांब रस्त्यावर २५-२६ च्या खाली जात नाही, मऊ वाळूत १५-१६ वर सुरू करतो आणि अगदीच बसली तर १२ पर्यंत उतरतो, तेही तेवढ्यापुरतंच. १२ वर जोरात वळलात की टायरची कड रिमवरून सुटते. १५ वर वेग ताशी ३०-४० च्या आत ठेवा आणि डांबरावर येण्याआधी हवा भरा. कमी हवेच्या टायरची साइडवॉल वेगात सतत दुमडून तापते, आणि फुटतो तो टायर उष्णतेने फुटतो.

रिमचा आकार कोणी विचारतच नाही. २६५/७० आर१६ टायरची साइडवॉल सुमारे १८५ मिलिमीटर उंच, २६५/५० आर२० ची जेमतेम १३२. बाहेरून दोन्ही टायर जवळपास सारखेच उंच. पण दुसऱ्यात दुमडायला रबरच कमी, म्हणून १५ पीएसआयला रिम दगडाला टेकते. १६ इंची रिमवाला "मी कायम १५ वर चालवतो" म्हणतो आणि २० इंची रिमवाल्याची रिम वाकते. दोघंही भांडताना रिमबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

आणि हवा मोजायचा गेज. एकदा माझ्यासमोर हवेवरून अर्धा तास वाद झाला. शेवटी तिघांचे गेज एकाच टायरला लावले: १६, १८ आणि २१. प्रत्येकजण आपापल्या गेजवर बरोबर होता. कमी दाबात नीट वाचणारा एक चांगला गेज घ्या आणि कायम तोच वापरा.

गाडी उंच करण्यावर फार शब्द खर्च करणार नाही. सस्पेन्शन लिफ्टने बॉडी उंच होते, सॉलिड अॅक्सलवरच्या (दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर) डिफरेन्शियलची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. ती फक्त मोठ्या टायरने वाढते, आणि तीही व्यासातल्या वाढीच्या निम्मी. ३१ वरून ३३ इंचावर गेलात तर मिळतो एक इंच. बदल्यात गिअरिंग साडेसहा टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे चढावर गाडी तेवढी अशक्त होते, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ वर असता. मोठे टायर घालून गाडीत दम राहिला नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच मोजून दाखवतो.

सॉलिड अॅक्सल की इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली होणारं), हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भावनिक वाद. लँड रोव्हरने जुनी डिफेंडर जानेवारी २०१६ मध्ये थांबवली आणि २०१९ मध्ये नवी दाखवली ती मोनोकॉक बांधणीची (वेगळी चासी नसलेली), चारही चाकं स्वतंत्र. तेव्हा अनेकांना घरचं माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि मला ते समजतं. पण टोयोटाकडे बघा. १९८४ पासूनच्या लँड क्रूझर ७० ला पुढेमागे सॉलिड अॅक्सल, आणि १९९८ मध्ये आलेल्या १०० ला पुढे इंडिपेंडंट. एकाच कंपनीने दोन्ही वर्षानुवर्षं शेजारी शेजारी विकल्या. सॉलिड अॅक्सलमध्ये एक चाक दगडाने वर ढकललं की दुसरं खाली दाबलं जातं, चाकं जमिनीला धरून राहतात, आणि जड बांधणी मार सोसते. इंडिपेंडंटमध्ये चाकासोबत हलणारं वजन कमी, म्हणून वेगात, नालीदार कच्च्या रस्त्यावर गाडी ताब्यात राहते, पण सस्पेन्शन दबलं की मधली उंची जाते. दगडांत रांगायचंय की दिवसाला चारशे किलोमीटर कच्चा रस्ता कापायचाय, एवढंच बघायचं.

एका वादात मात्र मी उघडपणे एका बाजूला आहे. वाटेत चिखलाचा खड्डा आला की काही जण त्याला वळसा घालून बाजूच्या गवतातून जातात. म्हणतात, गाडी फसवून चर आणखी खोल करण्यापेक्षा हे बरं. पहिल्या गाडीपुरतं ते खरंही वाटतं. पण दहाव्या गाडीपर्यंत तो वळसाच चिखल होतो आणि अकरावी त्याच्याही बाहेरून जाते. एका गाडीची वाट पाच गाड्यांएवढी रुंद होते, मुळं उघडी पडतात, पाणी नव्या चरांतून वाहायला लागतं. मग ती वाट गाड्यांना बंद झाली की आपणच हळहळतो. चालत जाऊन काठीने खोली बघा. तळ घट्ट असेल तर मधूनच जा, नसेल तर मागे फिरा. मागे फिरण्यात कमीपणा मानणाऱ्या गटात मी फार काळ राहिलेलो नाही.

आता पट्टा. स्नॅच स्ट्रॅप नायलॉनचा असतो, साधारण २० टक्के ताणतो. कायनेटिक रोप ३० टक्क्यांपर्यंत. ओढणारी गाडी सैल पट्ट्यावरून थोडी धावते, पट्टा ताणून ऊर्जा साठवतो आणि मग रुतलेल्या गाडीला उपटून काढतो. ती ऊर्जा किती ते बघा. २५०० किलोची गाडी ताशी १० किलोमीटरला: सुमारे ९,६०० ज्यूल, म्हणजे शंभर किलोचं ओझं दहा मीटरवरून खाली पडावं एवढी. वेग २० केला की ती दुप्पट होत नाही, चौपट होते, तेच ओझं जवळपास चाळीस मीटरवरून. पट्ट्याच्या टोकाला जो लोखंडी तुकडा तुटेल, त्याच्यामागे ही सगळी ऊर्जा लागते.

टो बॉल बनवलेला आहे ट्रेलरच्या शांत ओढीसाठी. झटका बसला की त्याची मान वाकते, तुटते, आणि तो गोळा तोफेच्या गोळ्यासारखा काच फोडून आत जातो. माणसं मेली आहेत याने. "मी शंभर वेळा केलंय, काही झालं नाही" हे वाक्य मी ज्यांच्याकडून ऐकलंय ती माणसं प्रामाणिक होती. पण धातूला आधीच्या शंभर झटक्यांत किती भेग पडली ते बाहेरून दिसत नाही. गाडी जहाजावर किंवा ट्रकवर बांधण्यासाठी खाली दिलेल्या कड्यांचंही तेच, त्या ओढण्यासाठी नाहीत. चासीला पक्का बोल्ट केलेला, ताकद नोंदवलेला रिकव्हरी पॉइंट, पुढे आणि मागे. तो नसेल तर त्या दिवशी झटक्याची ओढ नाही. फावडं घ्या, हवा आणखी काढा, विंच (गाडीवरचं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर सावकाश लावा.

इथे एक गैरसमज हमखास भांडण लावतो. पट्ट्यावर ८ टन लिहिलेलं असतं आणि शॅकलवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या लोखंडी कडीवर, ४.७५ टन, म्हणून कोणीतरी म्हणतो शॅकल कमजोर आहे, मोठा घ्या. पट्ट्यावरचा आकडा तो तुटण्याचा आहे. १९ मिलिमीटरच्या बो शॅकलवरचा ४.७५ हा रोज वापरायच्या सुरक्षित भाराचा, तुटण्याची ताकद त्याच्या पाच-सहा पट. दोन वेगळ्या मापांची तुलना चाललेली असते. माझ्याकडून विचाराल तर मी आता जमेल तिथे सॉफ्ट शॅकल (दोराची कडी) वापरतो. तुटला तरी त्याचं वजनच इतकं कमी की इजा कमी. पण कडा धारदार असलेल्या पॉइंटवर तो कापला जातो, तिथे लोखंडीच.

विंचच्या दोराचंही लवकर सांगून टाकतो. सिंथेटिक दोर हलका, हाताला कुसळं टोचत नाहीत, तुटला तर चाबकासारखा फटका कमी. पण ऊन, वाळू आणि उष्णता त्याला खातात. ज्या विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो, त्यात भाराखाली दोर सोडत राहिलात तर ड्रम तापून आतला थर वितळू शकतो. आणि पोलादी तारेने चरे पाडलेल्या जुन्या रोलरवरून नवा सिंथेटिक दोर चालवू नका, पहिल्याच दिवशी फाटेल. रोज चिखलात, दगडात काम करणाऱ्याने तार ठेवली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. दोर कुठलाही असो, विंचवर लिहिलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, चौथ्या थरावर ती साधारण ३० टक्क्यांनी उतरलेली असते. म्हणून शक्य तितका दोर बाहेर काढा किंवा कप्पी लावून ओढ दुप्पट करा. आणि ताणणारा पट्टा विंचला कधीही जोडू नका.

पैशांचं. माझा क्रम असा: गेज आणि कंप्रेसर, पुढेमागे पक्के रिकव्हरी पॉइंट, तुमच्या गाडीच्या वजनाला साजेसा एक पट्टा, दोन शॅकल, फावडं. मग चांगले ऑल-टेरेन टायर, मड-टेरेन (खास चिखलाचे) नव्हे, कारण तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरावर धावणार आहे. त्यानंतर वर्षभर काहीही न लावता चालवा आणि दर वेळी कुठे आणि का अडकलात ते वहीत लिहा. चाक उचललं जाऊन अडकलात, असं पाच-सहा वेळा लिहिलं गेलं तर मागचा लॉकर घ्या. पोट टेकून अडकलात तर लॉकरचा उपयोग नाही, खालची संरक्षक पत्रं आणि उंची बघा. नुसतेच रुतत असाल तर हवा आणखी कमी करून बघा.

आणि बोलणं बंद झालेल्या त्या दोघांसाठी: टो बॉलचा अख्खा हात रिसीव्हरमधून, म्हणजे गाडीमागच्या चौकोनी नळीतून, बाहेर काढा, पट्ट्याचा डोळा त्या चौकोनी नळीत सरकवा आणि तीच आडवी पिन त्यातून घाला. पिन वाकली तरी नळीतच राहते, उडत नाही. नेहमीची व्यवस्था म्हणून ताकद नोंदवलेला, त्या नळीत बसणारा शॅकल ब्लॉकच बसवा, पण त्या दिवशी हाताशी दुसरं काही नसेल तर हे चालतं. दोघांना गाडीच्या मागे उभं करून एकदा करून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे.